आधी वही, मग कात्री

गॅदरिंग जवळ आलं, की घरोघरच्या कॉलेजकन्यांचे पाय घरात ठरत नाहीत. पूर्वी नाच, नाटुकली आणि फिशपाँड्सवर भागायचं. आता त्यात ‘म्युझिक व्हिडिओ’ची भर पडली आहे. एक दिवस शूटिंग, आणि मग आठ दिवस पोरगी कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. ‘हे कसले रिकामे उद्योग?’ असं आपल्या तोंडून निघून जातंच!

पण मैत्रिणींनो, त्या आठ दिवसांत ती जे करते त्याला एडिटिंग, म्हणजेच संकलन म्हणतात. चित्रीकरणाचे सुटे तुकडे निवडायचे, नको ते कापायचं आणि हवं ते अशा क्रमाने जोडायचं, की पाहणाऱ्याला जोड दिसू नये. आपण गोधडी शिवायला घेतो तेव्हा आधी सगळे तुकडे मांडून बघतो ना? तसंच हे. फक्त इथली मांडणी शूटिंगच्याही आधी करावी लागते.

आमच्या मंडळाकडे अशाच पाच जणी आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्यांवर त्यांना तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. त्यासाठी जुनं जातं आणि ओव्या येणारी आजी हवी होती. दोन्हींची सोय आम्ही करून दिली. कॅमेरा भाड्याचा, तोही एकाच दिवसाचा. मला वाटलं, पोरी आता मनाला येईल ते टिपत सुटणार. पण संकलन करणाऱ्या मुलीने आधी काढली ती साधी दोनशे पानी वही. पानावर चार रकाने आखले: गाण्यातली वेळ, ओळ, दिसणारं चित्र आणि पुढच्या चित्राशी जोड कशी करायची ते.

मग तिने हिशेब मांडला. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद. एक चित्र सरासरी तीन सेकंद ठेवलं तरी साठ तुकडे लागणार. हे साठ तुकडे एका दिवसात मिळवायचे, तर काय हवं आणि काय नको हे आधीच माहीत पाहिजे. नाही तर संध्याकाळी घरी आल्यावर कळतं, की जातं दहा वेळा टिपलं आणि पीठ एकदाही नाही!

जोड कुठे द्यायची, हे गाणंच सांगतं. आजीची ओवी जात्याच्या घरघरीवर, मोकळ्या लयीत चालते. तिथे चित्र लांब ठेवायचं आणि ओळ संपून आजी श्वास घेते तिथेच कापायचं. पुढे मुली ढोलकीवर गाणार होत्या, केरवा तालात. त्याच्या मात्रा आठ. मिनिटाला 100 मात्रांची लय धरली, तर एक मात्रा 0.6 सेकंदाची आणि आवर्तन 4.8 सेकंदांचं. त्यांच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 25 चित्रं उमटणार होती, म्हणजे एका मात्रेला बरोबर 15. समेवर चित्र बदललं, की डोळ्यांना आणि कानांना एकदमच ठेका मिळतो. मात्र प्रत्येक समेवर कापलं, तर पाहणारा दोन मिनिटांत कंटाळतो. म्हणून मधूनच एखादं चित्र मुद्दाम पुढच्या आवर्तनात जाऊ द्यायचं.

चौथ्या रकान्यातल्या युक्त्याही ऐकण्यासारख्या होत्या. जात्याचा गोल फिरणारा खुंटा आणि लगेच नातीच्या सायकलचं फिरणारं चाक, हा झाला ‘मॅच कट’. एक चित्र विरत विरत दुसरं उमटतं तो ‘डिझॉल्व्ह’. तो काळ सरला हे दाखवायला, अख्ख्या व्हिडिओत एकदाच वापरायचा. घास घालणारी मूठ, भुरभुरणारं पीठ, बांगड्यांचे हात अशी छोटी चित्रं जास्तीची घेऊन ठेवायची, कारण कुणाचे ओठ चुकले तर तीच मदतीला येतात. मुलींचं गाणं आधी रेकॉर्ड करून शूटिंगच्या वेळी स्पीकरवर लावायचं आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवायला सोपं जातं. आजीचं गाणं मात्र जिथल्या तिथेच टिपायचं ठरलं.

आदल्या दिवशी सगळं आजींकडे बसून ऐकलं. माहेरची ओवी गाताना आजींचे डोळे भरून आले. मुलीने लगेच वहीत टिपलं: ‘चेहरा जवळून. डोळे.’ आजींनी विचारलं, “काय लिवतीस गं बाय?” तिने वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, “गा म्हणशीला तर धा येळा गाईन. पर माजं रडनं गावाला दावू नगंस.” ती जागा तर व्हिडिओचा कळस ठरणार होती! पोरगी क्षणभर थांबली, मग ओळीवर काट मारून तिने खाली लिहिलं: ‘थांबलेलं जातं. खुंट्यावर हात. आवाज तसाच.’ दुसऱ्या दिवशी तेच टिपलं. गॅदरिंगला त्या चित्रापाशी सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

संकलनाची खरी जबाबदारी इथे आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच चेहरा कधी सूपच्या ताटलीशी, कधी शवपेटीशी जोडून दाखवला. चेहरा तोच, पण लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. म्हणजे आजींच्या ओल्या आवाजापुढे मुलींचं खिदळणं जोडलं, तर त्या आजींनाच हसतायत असं वाटेल. आज व्हिडिओ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर मिनिटात जातो आणि परत घेता येत नाही. म्हणून ज्यांचे चेहरे दिसणार, त्यांना विचारायला हवं, आणि तेही शूटिंगच्या आधी.

या कामात पोटापाण्याची वाटही आहे, बरं का. हॉलिवूडमध्ये सुरुवातीच्या काळात फिल्म कापण्या-जोडण्याचं काम शिवणकामासारखंच बायकांचं समजलं जाई. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’साठी चार वेळा संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 2000 साली त्या गेल्या. पुढे ‘कहानी’साठी तोच पुरस्कार नम्रता राव यांना मिळाला. शिकायला लाखो रुपये लागतात असंही नाही. डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट मिळते. हवी ती चिकाटी, आणि सगळ्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची शिस्त.

आणि आपण आया काय करू शकतो? कच्चा व्हिडिओ तयार झाला, की मुलीला म्हणा, एकदा आवाज बंद करून दाखव. कुठे कंटाळा आला, कुठे काही कळलं नाही, ते न संकोचता सांगा. ‘छान आहे’ एवढंच म्हणून उठू नका. ती मेहनत करून तुकडे जोडते आहे. कुठली जोड उसवलीय, हे तिला घरच्या माणसाने सांगितलेलं बरं.