सांधेदुखी आणि वेदनाशामक गोळी

घरोघरी मातीच्या चुली राहिल्या नाहीत. पण घरोघरी वेदनाशामक गोळ्या मात्र आहेत. भिंतीतल्या फडताळात, कचेरीतल्या टेबलाच्या खणात किंवा प्रवासाच्या पिशवीत त्यांची एखादी अर्धवट संपलेली पट्टी सापडतेच. गुडघा धरला, की शेजारची मंडळी आपल्याजवळची गोळी आपुलकीने आणून देतात. गोळी घेतली, की तासाभरात दुखणे ओसरते, माणूस जिना चढतो, बाजारहाट करतो आणि गोळीला दुवा देतो. बरे वाटणे हा या औषधाचा मोठा गुण आहे. त्याचा मोठा धोकाही त्यातच आहे; कारण बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मी वैद्यक व्यवसायातला नाही. आज सांगावयाचे आहे ते वैद्यकाने मान्य केलेले, परंतु सामान्य घरांपर्यंत पुरतेसे न पोचलेले ज्ञान. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ते घेऊ शकत नाही. तो सल्ला घेताना आपण काय सांगावे आणि काय विचारावे, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

या औषधांचा इतिहास विलो नावाच्या झाडाच्या सालीपासून सुरू होतो. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने या सालीच्या चूर्णाने ताप उतरतो, असे रॉयल सोसायटीला कळविले. पुढे त्या सालीतले गुणकारी द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. १८९७ मध्ये जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्या कुळातले शुद्ध औषध सिद्ध केले आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने जगभर पसरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक अशी त्याची भावंडे आली. वेदना आणि सूज ही दोन्ही कमी करणारी ही औषधे दाहशामक वेदनाशामके म्हणून ओळखली जातात. आपल्या परिचयाचे पॅरासिटामॉल या कुळातले नव्हे. ते ताप आणि वेदना कमी करते, पण सुजेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

गंमत अशी, की अ‍ॅस्पिरिन नेमके काय करते, हे ते बाजारात आल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी केला आणि त्या कार्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्याला इजा झाली, की तेथे ती वाढतात, रक्तवाहिन्या फुगतात, सांधा सुजतो, गरम होतो आणि दुखू लागतो. ही द्रव्ये बनविणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ही औषधे अटकाव करतात. कारखानाच थांबला म्हणजे माल कोठून येणार? सूज ओसरते आणि दुखणे थांबते.

परंतु हीच प्रोस्टाग्लँडिने शरीरात इतरत्र रखवालदाराचे काम करीत असतात. जठरात अन्न पचविणारे आम्ल इतके तीव्र असते, की ते जठराच्या भिंतीलाही सोडणार नाही. तिच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचे अस्तर राखण्याचे काम ही द्रव्ये करतात. मूत्रपिंडांना रक्त कमी पडू लागले, तर तेथील बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचे कामही त्यांचेच. आपण गोळी घेतो ती गुडघ्यासाठी. पण गोळीला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो. रक्तातून ती सर्वत्र जाते आणि गुडघ्यातला उपद्रव थांबविताना जठरातला व मूत्रपिंडातला पहाराही उठविते. या औषधांचा गुण आणि दोष असा एकाच मुळातून निघतो. पुढचे सारे नियम या एका गोष्टीवरून ओघानेच येतात.

प्रथम जठराचे पाहू. उपाशीपोटी गोळी घेऊ नये, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे आणि ते योग्यही आहे. परंतु जेवून घेतली म्हणजे निर्धास्त झालो, ही समजूत चुकीची आहे. जेवणाने पोटातली जळजळ कमी होते; पण जठराचे अस्तर क्षीण होते ते मुख्यतः रक्तातून गेलेल्या औषधाने. म्हणून हेच औषध इंजेक्शनने घेतले तरी व्रणाचा धोका संपत नाही. शिवाय गोळी वेदनाच बोथट करीत असल्यामुळे जठरातला व्रण पुष्कळदा दुखतही नाही आणि एकदम रक्तस्रावानेच त्याची पहिली वर्दी मिळते. शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ दिसणे, ही खूण आढळताच गोळी थांबवून तात्काळ रुग्णालय गाठावे. वय पासष्टच्या पुढे असेल, पूर्वी व्रण झालेला असेल, किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे अथवा स्टेरॉइड चालू असतील, तर धोका कितीतरी वाढतो. अशा वेळी डॉक्टर बहुधा आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी गोळी जोडीला देतात, किंवा दुसराच उपाय सुचवितात.

मूत्रपिंडाची इजा याहूनही अबोल असते. निरोगी माणसाने दोन-चार दिवस गोळी घेतली, तर सहसा काही बिघडत नाही. पण शरीरातले पाणी कमी झाले असेल, म्हणजे उन्हाळ्यात घाम फार जात असेल, जुलाब-उलट्या होत असतील किंवा निर्जळी उपास असेल, तर मूत्रपिंडे त्या प्रोस्टाग्लँडिनांच्याच आधाराने तग धरून असतात. नेमक्या त्याच वेळी गोळी तो आधार काढून घेते. मधुमेही, रक्तदाबाचे रोगी आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी तर फारच जपावयास हवे. रक्तदाबावरच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वेदनाशामक गोळी ही तिन्ही एकत्र आली, म्हणजे मूत्रपिंड अकस्मात निकामी होण्याचा संभव असतो.

मूत्रपिंडावर हे औषध काय करू शकते, याचा एक दारुण दाखला आपल्या देशाने पाहिला आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईच्या डुंगरवाडीवर, पारशी समाजाच्या शांतिमनोऱ्यांपाशी, शतकांची परंपरा अडखळली ती याच कारणाने. कारण मात्र कोणाला उमगत नव्हते. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला. लंगडणाऱ्या, आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जात होते, त्यांची मूत्रपिंडे बंद पडत होती आणि युरिक आम्लाचे पांढरे कण त्यांच्या आतड्या-काळजावर साचून ती मरत होती. भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधाला बंदी केली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरहून मोठी असू नये, असा निर्बंध आला. गिधाडाचे मूत्रपिंड आणि माणसाचे मूत्रपिंड यांत फार अंतर आहे. गिधाडाला जी मात्रा मारक ठरली, तिने माणूस मरत नाही. परंतु चिठ्ठीवाचून आणि हिशेबावाचून वापरलेले औषध कोठवर जाऊन पोचते, हे या हकीकतीवरून ध्यानात यावे.

तिसरा प्रश्न हृदयाचा. ही औषधे शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि पायांवर सूज येते. जठराला कमी त्रास व्हावा म्हणून मुद्दाम शोधलेले रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये मोठ्या गाजावाजाने आले. परंतु त्याने हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके वाढतात, असे आढळून २००४ मध्ये ते जगभर मागे घेण्यात आले. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी डायक्लोफेनॅक टाळावे, असे आता मानले जाते. हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनीही आयबुप्रोफेन विचारल्याखेरीज घेऊ नये. ते त्या अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते.

मग गोळी घ्यावयाचीच नाही काय? तसे मुळीच नाही. दुखऱ्या गुडघ्याने माणूस अंथरुणाला खिळला, तर स्नायू दुबळे होतात आणि सांधा अधिकच बिघडतो. योग्य माणसाला योग्य काळ दिलेली गोळी त्याला चालते ठेवते. सूत्र एवढेच, की कमीत कमी मात्रा, थोड्यात थोडे दिवस. सांध्याची झीज होऊन दुखणाऱ्या गुडघ्यावर किंवा बोटांवर प्रथम मलम लावून पाहावे. दाहशामक मलमाचा फार थोडा अंश रक्तात जातो आणि पुष्कळांचे काम त्यावर भागते. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजनावर ताबा, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरलेली काठी, यांनी जे साधते ते कित्येकदा गोळीने साधत नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने दिलेले, दुसरे औषधाचे मूळ नाव. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला नागपुरात एका नावाची गोळी मिळते, बडोद्याला दुसऱ्या नावाची, दिल्लीला तिसऱ्या. तिन्हींतले औषध मात्र एकच असू शकते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन माणूस अजाणता एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेतो, ती अशीच. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे मिसळण्याचीही पद्धत फार आहे. अ‍ॅसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल हे तर नित्याचेच. वर तापासाठी निराळे पॅरासिटामॉल घेतले, तर त्याचीही मात्रा वाढते. म्हणून पट्टीवरचे बारीक अक्षरातले मूळ नाव वाचावे, नाहीतर वाचून घ्यावे. या कुळातली दोन औषधे एका वेळी कधीही घेऊ नयेत. त्याने गुण दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो.

आणखी काही प्रसंगी सावध राहावे. अंग आणि सांधे मोडून निघतील असा ताप आला, तर तो डेंग्यूचा असू शकतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाचे भय असते. तो नाही, अशी खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन व त्यांची भावंडे दूर ठेवावीत. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यावे आणि पाणी भरपूर प्यावे. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, ही औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. दमेकऱ्यांपैकी काहींना यांनी दम्याचा झटका येतो. संधिवातावर हमखास गुण म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली आढळली आहेत. एका पुडीने चमत्कार व्हावा, तेव्हा आनंदाआधी संशय यावयास हवा.

शेवटी, ज्यासाठी एवढे सांगितले ते. सांध्याचे प्रत्येक दुखणे झिजेचे नसते. सकाळी उठल्यावर हातांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. आमवाताला थोपविणारी मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधे आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. वेदनाशामक गोळी आमवाताचे दुखणे झाकते. पण आत सांध्याचा नाश चालू राहतो आणि दुखत नाही म्हणून रोगी डॉक्टरकडे जात नाही. वर्ष-दोन वर्षे अशी गेली, की बोटे वाकडी होतात आणि मग ती सरळ करणारे औषध नसते. तेव्हा आठ-दहा दिवस गोळी घेऊनही दुखणे परत परत येत असेल, तर गोळीची नवी पट्टी आणण्याऐवजी दुखण्याचे कारण विचारावयास जावे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयाची, शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. त्या पिशवीवरून डॉक्टरांना जे कळेल, ते आपल्याला आठवून सांगता येणार नाही.