लहान विमानातील ऑटोपायलट : आरोह-अवरोह नियंत्रणातील दोषांचा शोध

प्रस्तावना :
१८ जून १९१४ रोजी लॉरेन्स स्पेरी यांनी पॅरिसजवळ सीन नदीवर उडत असताना दोन्ही हात नियंत्रकांवरून उचलून दाखविले. घूर्णदर्शीच्या साहाय्याने विमान आपला तोल स्वतः सांभाळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. आज चार आसनी सेसना १७२ सारख्या विमानांतही ऑटोपायलट आढळतो. त्याच्या बिघाडांपैकी विमानाचे नाक सतत वर-खाली होणे, हा वैमानिकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा बिघाड होय. त्याच्या दोषशोधनाचा क्रम स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यपद्धती :
उंची राखताना ऑटोपायलट बाहेरील हवेचा स्थिर दाब मोजतो. दाबात फरक पडताच संगणक सर्व्हो मोटरला आज्ञा देतो. मोटर क्लच व केबल यांच्याद्वारे शेपटीवरील एलेव्हेटर हलविते. एलेव्हेटरवर सतत भार राहिल्यास स्वयंचलित ट्रिम तो भार उतरविते. या साखळीतील कोणताही दुवा सदोष असला तरी लक्षण मात्र एकच दिसते.

दोषशोधनाचा क्रम :
१) शांत हवेत ऑटोपायलट बंद करून विमान हाताने उडवावे. नाक तरीही डोलत असल्यास किंवा नियंत्रक जड वाटल्यास दोष ऑटोपायलटचा नसून मूळ नियंत्रण यंत्रणेचा असतो.
२) पर्यायी स्थिर दाबाचा स्रोत ऑटोपायलटलाही जोडलेला असल्यास तो उघडून पाहावा. डोलणे थांबले, तर दाबनलिकेतील गळती, पाणी किंवा अडथळा यांचा संशय घ्यावा.
३) सर्व्होची केबल सैल असल्यास आज्ञा उशिरा पोहोचते. मुख्य केबलीत घर्षण असल्यास लहान आज्ञा वाया जाते व मोठी आज्ञा मर्यादा ओलांडते. क्लच घसरत असल्यास मोटर फिरते, पण नाक हलत नाही. म्हणून केबलचा ताण व क्लचची पकड निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे मोजावी.
४) एवढे झाल्यावरच संगणकाकडे वळावे. प्रथम संगणकच दुरुस्तीस पाठविल्यास तो निर्दोष ठरून परत येण्याची आणि मूळ दोष विमानातच राहण्याची शक्यता असते.

सुरक्षिततेचा प्रश्न :
ऑटोपायलट चालू असताना वैमानिकाने बळाने नाक ओढून धरल्यास यंत्रणा त्यास बाह्य भार समजते आणि ट्रिम विरुद्ध दिशेने फिरविते. त्यामुळे प्रत्येक क्षणी हातावरील ओढ वाढत जाते. अशा वेळी नियंत्रक घट्ट धरून विलग करण्याचे लाल बटण तत्काळ दाबावे, ट्रिम पूर्ववत करावी व यंत्रणेचा सर्किट ब्रेकर ओढावा. तपासणी होईपर्यंत ऑटोपायलट पुन्हा जोडू नये.

निष्कर्ष :
दोषशोधन साध्याकडून गुंतागुंतीकडे जावे. दुरुस्ती परवानाधारक अभियंत्यानेच करावी. परंतु दोष केव्हा, कोणत्या स्थितीत व किती वेगाने दिसला, याची वैमानिकाने केलेली अचूक नोंद हाच त्या दुरुस्तीचा खरा पाया होय.