काविळीची लस कोणाला? चंद्रपूर वीज केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीतल्या दवाखान्यातला एक दिवस

सकाळी ८
दवाखाना उघडला की आधी लसीचा फ्रिज बघते. तापमान २ ते ८ अंशांच्या मधे हवं. हिपॅटायटिस ए ची निष्क्रिय विषाणूची लस गोठली तर वाया जाते, म्हणून कुपी बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवते आणि आकडा वहीत टिपते.

सकाळी ९
जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात, त्याआधी आयांची गर्दी असते. "मॅडम, काविळीची लस तर जन्मल्यावरच झाली ना?" हा प्रश्न ठरलेला. कार्डावरची ती लस हिपॅटायटिस बी ची, रक्तातून आणि आईकडून बाळाला होणाऱ्या आजाराची. ए पसरतो दूषित पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून. त्याची लस सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. मूल वर्षाचं झालं की देता येते. निष्क्रिय लसीचे दोन डोस, किमान सहा महिन्यांच्या अंतराने. जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लसीचा एकच. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची देशी लसही २०२४ पासून बाजारात आहे.

सकाळी १०.३०
वीज केंद्रातला तरुण इंजिनीअर. ताप, उलट्या, चहासारखी लघवी, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी हजाराच्या वर. "लहानपणापासून फिल्टरचंच पाणी पितो, मला ही ए ची कावीळ कशी झाली?" कारण तेच आहे. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा संसर्ग कळतसुद्धा नाही, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. स्वच्छ पाण्यावर वाढलेला मुलगा मात्र पंचविशीत कोरा राहतो. मग बाहेरगावचा उसाचा रस, टपरीवरचा बर्फ पुरतो, आणि या वयात आजार आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवतो. आपल्या कॉलनीतल्या मुलांना लस हवी ती यासाठी.

त्याच्या खोलीतल्या मित्रांना आजच बोलावलं. कावीळ दिसण्याआधी दोन आठवडे रुग्ण विषाणू पसरवत असतो. संपर्कानंतर चौदा दिवसांच्या आत लस दिली तर आजार बहुधा टळतो.

दुपारी १२
ठेकेदाराच्या मेसचा स्वयंपाकी. त्याला एकदा झाला तर शंभर ताटांत जाईल, म्हणून त्याचा विचार करायलाच हवा. पण खेड्यात विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला बहुधा लहानपणीच होऊन गेलेला असतो. त्याची आधी आयजीजी तपासणी करते. प्रतिपिंडं असतील तर लसीचा खर्च वाचला. नखं कापणं आणि साबणाने हात धुणं मात्र सुटत नाही.

दुपारी ४
ज्यांचं यकृत आधीच दुखावलंय, त्यांची वेळ. दारूने, हिपॅटायटिस बी किंवा सी ने, सिरॉसिसने. माझ्या यादीत हे सगळ्यांत वर. धडधाकट माणूस ए मधून बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. यांचं यकृत निकामी होऊ शकतं. पैसे एकाच लसीपुरते असतील, तर घरातल्या अशा माणसाला आधी द्या.

सायंकाळी ५.३०
"मॅडम, पोराचे डोळे पिवळे दिसून राहिले. सासू म्हणते, झाडून आणू." चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली, असा इथे अनेकांचा विश्वास. पोरगा सिकलसेलचा. चंद्रपूर-गडचिरोलीत हे आधी आठवावं लागतं: लाल पेशी फुटूनही डोळे पिवळे होतात. रक्त तपासायला पाठवलं. झाडणाऱ्याकडे गेलेला दिवस अशा मुलाला महागात पडतो.

सायंकाळी ६.३०
सातव्या महिन्याची गरोदर बाई. शेजारी कावीळ झाली म्हणून लस मागते. हिची भीती वेगळी. मोठ्यांमधली पाण्याची साथ पुष्कळदा हिपॅटायटिस ई ची असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारोंना झाली ती हीच. शेवटच्या महिन्यांत ती आईच्या जिवावर उठते, आणि ए ची लस तिच्यावर चालत नाही. जिवंत लस तर गरोदरपणात द्यायचीच नाही. "पाणी खळखळून उकळून प्या, ताई. शेजाऱ्याची तपासणी मी करवून घेते."

रात्री ८.३०
दुसरा डोस राहिलेल्यांना फोन. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला तेवढा घ्यायचा. दिवसभर मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारते: यकृताचा जुना आजार आहे का, आणि लहानपण कुठल्या पाण्यावर गेलं? घरी जेवताना हेच दोन प्रश्न एकमेकांना विचारा. लस कोणाला हवी ते ताटावरच कळेल.