विस्तारवाढीचे ड्रॉइंग आणि सात-बाराचा फेरफार



या पानांतून आम्ही नेहमी लागण, खोडवा, रिकव्हरी आणि ऊसबिल यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. संगणकावर काढलेली बांधकामाची ड्रॉइंग आपोआप बदलतात, त्यांना आवर कसा घालायचा, हा तो विषय. "हे इंजिनिअर लोकांचं काम, आम्हाला काय त्याचं?" असे कोणी म्हणेल. पण कारखान्याच्या लोखंडी सांगाड्यात पैसा सभासदाच्या भागभांडवलाचा असतो. म्हणून हे चार शब्द.

घडले ते असे. एका ऑफ सीझनमध्ये बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालचे लोखंडी खांब उभे करायचे होते. पायाचे काँक्रीट ओतून त्यात बोल्ट पक्के झाले होते. क्रेनने पहिला खांब वर धरला, तर खालच्या प्लेटची भोके आणि बोल्ट जुळेनात! फिटर म्हणाला, "पाया चुकला." गवंडी म्हणाला, "खांब चुकला." दोघांनी आपापला कागद काढला. दोन्ही कागदांवर ड्रॉइंगचा नंबर एकच, सुधारणेचे अक्षरही एकच, माप मात्र वेगळे. म्हणजे चूक दोघांचीही नव्हती.

मग चूक कुठे झाली?

पूर्वी ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग काढी. एक माप बदलले की दहा कागद खरडावे लागत, आणि त्यातला एखादा हमखास राहून जाई. आता तसे नाही. फिनलंडमध्ये तयार झालेल्या 'टेकला'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी सबंध इमारतच संगणकात उभी करतात. खांब, तुळई, प्लेट, बोल्ट, सगळे त्यात असते. त्याला मॉडेल म्हणतात. ड्रॉइंग त्या मॉडेलवरून निघते. मॉडेलमध्ये प्लेट रुंद केली की ड्रॉइंगही त्याप्रमाणे बदलते. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

पण गडबड इथंच होते. पायासाठी कागद पाठवून झाल्यावर सल्लागारांनी भूकंपाचा हिशेब पुन्हा तपासला आणि खांबाची प्लेट वाढवली. ते योग्यच केले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. त्यानंतर २००२ च्या भारतीय मानकात या भागाला भूकंपाच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात घातले. तेव्हा बदल हवाच होता. पुढे कोणी तरी प्रिंट काढायला जुने ड्रॉइंग उघडले, त्याने मॉडेलचे नवे माप घेतले, आणि अक्षर न बदलताच तो कागद वर्कशॉपला गेला. पायावाल्याला कोणी कळवले नाही.

सात-बारा आठवा

आपल्या सात-बारावर नाव बदलायचे तर काय होते? आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मगच उतारा बदलतो. उतारा रात्रीतून आपोआप बदलू लागला, तर गावात एकाचीही जमीन सुखाने राहील काय? ड्रॉइंगलाही तोच न्याय हवा.

त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये साधने आहेत, ती वापरली पाहिजेत :

१. बाहेर दिलेले ड्रॉइंग लॉक करावे, म्हणजे कुलूपबंद करावे. मग मॉडेल बदलले तरी ते हलत नाही.

२. मापांची आणि खुणांची मांडणी विस्कटू नये म्हणून 'फ्रीझ'ची सोय आहे. कुलूप आणि फ्रीझ एक नव्हे, हे लक्षात ठेवावे.

३. ड्रॉइंग 'इश्यू' केल्याची नोंद संगणकात करावी. त्यानंतर बदल झाला तर यादीत त्या ड्रॉइंगपुढे खूण दिसते. ती यादी रोज पाहणारा एक माणूस नेमलेला असावा.

४. दिलेल्या प्रत्येक कागदाची पीडीएफ वेगळी जपून ठेवावी.

५. बदल केला की नवे अक्षर, नवी तारीख, बदललेल्या जागेभोवती खूण आणि जुना कागद परत घेणे, हे चारही झाल्याशिवाय वर्कशॉपने पत्रा कापू नये.

मात्र कुलूप लावले म्हणजे काम संपले, असे नाही. कुलूपबंद ड्रॉइंग शिळे होते. मॉडेल पुढे जाते आणि कागद मागे राहतो. बदल थांबवायचा नाही, तो माणसाच्या नजरेखालून न्यायचा, एवढेच.

कागद बदलला, हिशेब राहिला

दोष फक्त संगणकाचा नाही. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील हयात रिजन्सी हॉटेलातले टांगते पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांना धरून होती. वर्कशॉपच्या ड्रॉइंगमध्ये तिच्या दोन सळया झाल्या. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. तो हिशेब कोणी पुन्हा केलाच नाही.

आपल्याकडे सुदैवाने नव्या प्लेटा आणि गेलेले दिवस एवढ्यावर निभावले. पण ऑफ सीझनचा दिवस म्हणजे थोडकी गोष्ट नव्हे. बॉयलरचे अग्निप्रदीपन लांबले की मोळी लांबते, तोडणीच्या टोळ्या बसून राहतात, आणि फडात उभ्या उसाचे वजन व साखर दोन्ही उतरतात. धाराशिवसारख्या पाण्याच्या टंचाईच्या जिल्ह्यात तो ऊस कसा जगवला, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत विस्तारवाढीचा विषय निघेल तेव्हा खर्चाचा आकडा जरूर विचारा. त्यासोबत आणखी एक विचारा, "साहेब, ड्रॉइंगच्या फेरफाराची वही कुणाकडं आहे?" उत्तरात एका माणसाचे नाव आले पाहिजे.