फिजिओथेरपीला मालिश म्हणणाऱ्यांना

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास कानावर येतो. "वकीलसाहेब, पोरीला एमबीबीएस मिळत नाही, फिजिओथेरपी मिळतेय. घ्यावी का? लोक म्हणतात, एवढी वर्षे शिकून शेवटी मालिशच करायची!" विचारणारे अडाणी नसतात. त्यात शिक्षक असतात, बँकेतले कारकून असतात, महापालिकेचे कामगार असतात. पण ज्या घरांत तीन-तीन पिढ्या डॉक्टर झाले त्या घरांत ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते, आपल्याकडे ती शेजारच्याच्या टोमण्यातून येते. आणि 'मालिश' हा टोमणा का व्हावा? दुसऱ्याचे अंग रगडणारा हलका आणि रगडून घेणारा मोठा, अशी या देशाची जुनी शिकवण आहे म्हणून!

तेव्हा या पदवीत काय शिकवतात ते आधी पाहू. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली चालत आला आहे. चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. मृतदेहाच्या विच्छेदनापासून सुरुवात होते. मानेच्या मणक्यांतून निघालेल्या नसा खांद्याखाली कशा गुंफतात, कोणती नस कोणत्या स्नायूला चालवते, हे तोंडपाठ करावे लागते. हाडांचा संच विकत घेणे परवडत नाही म्हणून दोघी-तिघी मिळून एक वापरतात. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र. मग अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया. जोडीला पहिल्यापासून चालतो तो या विद्येचा गाभा, म्हणजे हालचालीचे शास्त्र. सांधा म्हणजे तरफ, स्नायू म्हणजे जोर, वजन म्हणजे भार, असे भौतिकशास्त्र इथे माणसाच्या देहावर लावले जाते. विजेच्या उपकरणांचा वेगळा विषय आहे. शेवटच्या वर्षी हाडे-स्नायू, मेंदू-मज्जा, हृदय-फुफ्फुसे आणि समाजातील पुनर्वसन या चार दिशांनी प्रत्यक्ष रुग्णांवर काम. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीतला कफ मोकळा करणारी व्यक्ती पुष्कळदा फिजिओथेरपिस्टच असते. हे सगळे 'मालिश' या एका शब्दात कोंबणाऱ्याने एकदा त्या वॉर्डात जाऊन यावे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या अभ्यासक्रमात स्पर्श हा परीक्षेचा विषय आहे. बोटांनी स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ताठर आहे की सैल, हे ओळखता आले नाही तर प्रात्यक्षिकात गुण जातात. सराव करायला रुग्ण लगेच मिळत नाहीत, म्हणून विद्यार्थी एकमेकांवरच शिकतात. आज ही आडवी होते, ती तिच्या पाठीवर खुणा करते, उद्या उलट. ज्या देशाने सावलीचाही विटाळ मानला त्या देशातल्या विद्यापीठात, कोणाचे आडनाव काय हे न पाहता, एकमेकांच्या देहाला हात लावल्याशिवाय पदवी मिळत नाही. हे चित्र मला कुठल्याही समरसता मेळाव्यापेक्षा अधिक पटते.

आता माझ्या व्यवसायातले सांगतो. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यांत अपंगत्वाची टक्केवारी हा खरा झगडा असतो. ती टक्केवारी कशी निघते? गोनिओमीटर नावाचे कोनमापकासारखे साधे साधन असते. खांद्यातून हात पूर्ण वर गेला तर १८० अंश. तो ९० वर अडकला तर किती हालचाल गेली, हे मोजता येते. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला तर तीन, कुठे आकुंचनाची चाहूलही नसेल तर शून्य. ही दोन्ही मोजमापे फिजिओथेरपीचा विद्यार्थी सुरुवातीच्या वर्षांतच शिकतो. प्रमाणपत्रावर सही वैद्यकीय मंडळाची असते, पण भाषा हीच असते.

माझ्याकडे एक हमाल आले होते. खांदा ९० अंशांच्या वर जात नव्हता. कागदावर टक्केवारी किरकोळ होती आणि विमा कंपनीचे वकील त्याच कागदावर बोट ठेवून बसले होते. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तेवढा हात पुरतो. पण डोक्यावर पोते धरायला हात वर न्यावाच लागतो! सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात हेच स्पष्ट केले आहे की अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता गमावण्याची टक्केवारी एक नव्हे. माणूस काय काम करत होता ते पाहावे लागते. त्याच्याही आधी, श्रीनिवास सबाता यांच्या खटल्यात, डावा हात गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे याच न्यायालयाने मानले होते. न्यायालयाला जे निकालातून सांगावे लागले, ते फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला वर्गातच शिकवतात. अवयव किती वाकतो एवढेच नाही, त्या माणसाला रोजचे काम करता येते का, हे तपासणे त्याच्या परीक्षेत येते. अशी नजर असलेला साक्षीदार आमच्या कष्टकऱ्यांना किती वेळा मिळतो?

या शिक्षणात खोट आहे तीही सांगितली पाहिजे. पाठ्यपुस्तके बहुतेक विलायतेची किंवा अमेरिकेची. त्यांत रोजचे जगणे म्हणजे खुर्ची, कमोड, जिना आणि मोटार. सपाट चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते. उकिडवे बसायला तो १३० अंशांच्या पुढे जावा लागतो. आमची आई भांडी उकिडवे बसून घासते, भाजी निंदते, गावाकडे शौचालाही तशीच बसते. ऑपरेशननंतर "आता खाली बसू नका" असे सांगून तिला घरी पाठवणे म्हणजे तिला रोजगारातून काढणे. चांगले शिक्षक हे वर्गात बोलतात, हे मला ठाऊक आहे. पण पुस्तकात ते कोण लिहिणार? ज्याच्या घरात ती आई आहे त्यानेच लिहायचे.

वजन उचलण्याचेही तसेच. अमेरिकेच्या 'नायोश' संस्थेचे सूत्र या क्षेत्रात शिकवले जाते. सगळी परिस्थिती आदर्श असेल तरी हाताने उचलायचे शिफारशीचे वजन २३ किलो. आणि बीड-अहिल्यानगरची ऊसतोड बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिच्या ओटीपोटाच्या स्नायूंचे काय होते, हाही याच पदवीतला विषय आहे. २०१९ साली या बायांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, समिती नेमली गेली. पण त्यांच्या कंबरेचा, मानेचा, गुडघ्याचा हिशेब कोणी मांडला? आखूड झाडूने वाकून रस्ता झाडणारी सफाई कामगार, दगडखाणीत धूळ गिळणारा मजूर, यांचेही तेच. फुफ्फुसात बसलेली धूळ व्यायामाने निघत नाही. पण उरलेल्या श्वासावर माणूस किती चालू शकेल, हे शिकवता येते. कुष्ठरोगात नस गेल्याने बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबते. तिथे शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते, आणि ते शिकवणारा हाच.

या विद्येचा आपल्याकडचा जन्मही श्रीमंतांच्या हेल्थ क्लबात झालेला नाही. १९५२ साली मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात, पहिले विद्यालय निघाले आणि समोर पोलिओने अधू झालेली मुले होती.

कायद्याने आता मान दिला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे व्यवसाय करू शकतो असे लिहिले आहे. २०२५ साली आयोगाने देशभरासाठी नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात पदवी पाच वर्षांची झाली असून एक वर्ष इंटर्नशिपचे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात, या लोकांनी नावापुढे 'डॉ.' लावू नये असे पत्र केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. कोणी कोणाच्या वर बसावे, ही उतरंड आपल्या देशात दवाखान्यातही सुटत नाही. असो.

आता पैशाचे. पदवी चांगली आहे म्हणून डोळे झाकून कुठेही पैसे भरू नका! सरकारी आणि महापालिकेच्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत केईएम, नायर, शीव, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बाकी बहुतेक खासगी. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतही २००६ च्या राज्य कायद्याने अनुसूचित जाती व बौद्धांसाठी १३ टक्के जागा आहेत, मात्र अल्पसंख्याक संस्था त्यातून सुटतात. प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. अभिमत विद्यापीठाचे चकचकीत माहितीपत्रक घेऊन एजंट दारात आला तर त्याला दोनच प्रश्न विचारा : इथे आरक्षण लागू आहे का, आणि शिष्यवृत्ती मिळेल हे लेखी देता का? जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. प्रमाणपत्राअभावी हातची जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत.

नोकरीचेही खरे सांगतो. सरकारी पदे थोडी, खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा. स्वतःचे केंद्र काढणाऱ्यालाही जम बसायला वर्षे लागतात. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांचे पहिले सहा महिने इंग्रजी संज्ञांशी झुंजण्यातच जातात. यासाठी आधी त्याच वाटेने गेलेली आपली मुले-मुली शोधून त्यांचा हात धरा. प्रवेशाआधी कॉलेज पाहताना इमारत पाहू नका. कॉलेजला स्वतःचे रुग्णालय आहे का, बाह्यरुग्ण विभागात रोज खरे रुग्ण येतात का, विच्छेदनासाठी मृतदेह आहे का, इंटर्नना विद्यावेतन मिळते का, हे तिथे शिकणाऱ्यांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा.