विश्लेषण : तलाव कुठे संपतो, बांधी कुठे सुरू होते? क्लिकने ते कसे ठरते?

पावसाळ्यातील केशोरी परिसराचे उपग्रहचित्र उघडले (ढगांविना मिळाले तर!) की एक अडचण लगेच दिसते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा भाग धानाचा आणि माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलावांचा. रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी आणि तलावातही पाणी. ‘पाणी शोध’ एवढेच सांगितले तर संगणक दोन्ही एकत्र रंगवू शकतो.

मग वापरकर्ता काय करतो?

तो बोट ठेवून दाखवतो. तलावावर क्लिक केले की ‘हे हवे’, आत शिरलेल्या बांधीवर दुसऱ्या प्रकारचे क्लिक केले की ‘हे नको’. प्रत्येक खुणेनंतर संगणक कडा नव्याने आखतो. यालाच इंटरॅक्टिव्ह इमेज सेगमेंटेशन म्हणतात.

2001 मध्ये बॉयकोव्ह आणि जॉली यांनी मांडलेल्या पद्धतीत शेजारचे सारखे दिसणारे पिक्सेल घट्ट बांधलेले मानले जातात आणि बंध सर्वांत सैल असतील तिथे चित्र कापले जाते. 2004 च्या ‘ग्रॅबकट’मध्ये वस्तूभोवती चौकट आखली की सुरुवात होऊ लागली. एप्रिल 2023 मध्ये मेटाने आणलेले ‘सेगमेंट एनीथिंग’ सुमारे 1 कोटी 10 लाख छायाचित्रांवर आणि त्यांतील 110 कोटी आखीव भागांवर शिकले आहे. एका क्लिकवर ते बहुधा नीट कडा देते. पण बांधी आणि तलाव यांतला फरक त्याला कोणी शिकवलेला नाही.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते?

सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो. म्हणजे 100 चौरस मीटर, सातबारावरचा बरोबर एक आर. काठावरचे पन्नास पिक्सेल इकडचे तिकडे झाले, तर अर्धा हेक्टर तलाव कागदावरून गायब! काठाला माजलेली बेशरम आणि पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटात होणारी गाळपेर, दोन्ही हिरवी; यंत्राला ती तलावाबाहेरची वाटू शकतात. त्या आकड्यावर सिंचनाचा किंवा मासेमारीचा हिशेब बेतला, तर फटका शेतकऱ्याला आणि ढिवर कुटुंबांना बसतो.

म्हणून क्लिक करणाऱ्याला पाळ कुठे आणि सांडवा कुठे हे माहीत हवे. अतिक्रमणाचा वाद असेल तर ही रेषा पुरेशी नाही. तिथे भूमी अभिलेख विभागाची मोजणीच लागते. पाणी किती ओसरले हे पाहायला मात्र ती कामाची आहे : ऑक्टोबरचे आणि मे महिन्याचे चित्र घ्यायचे आणि दोन्हींवर त्याच तलावाला क्लिक करायचे.