चिनी स्वयंपाकघरातलं मीठ

चिनी जेवण म्हटलं की आपल्याकडे आधी बोट जातं अजिनोमोटोकडे. चायनीजच्या गाडीवर शेजवान राइस खाल्ला आणि डोकं दुखलं, तर दोष त्या पांढऱ्या कणांचा. हा समज अमेरिकेतून आला. १९६८ साली डॉ. रॉबर्ट हो मान क्वॉक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधड होते, अशी त्यांची तक्रार होती. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल किंवा ग्लुटामेट, म्हणजे आपलं अजिनोमोटो, असेल, असं त्यांनी लिहिलं. हा संशोधनाचा निष्कर्ष नव्हता, नुसता तर्क होता. पण लोकांनी त्यातलं ग्लुटामेट तेवढं धरून ठेवलं. पुढे झालेल्या काटेकोर चाचण्यांत, जेवणात असतं तेवढ्या प्रमाणात त्याचा त्रास सातत्याने दिसून आला नाही. शिवाय त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के.

काळजी करावी ती या साध्या मिठाचीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. चीनमधला प्रौढ माणूस साधारण त्याच्या दुप्पट खातो. रक्तदाब आणि पक्षाघात ही तिथली फार मोठी दुखणी आहेत.

हे मीठ पाकिटातल्या खाण्यातून येतं, असं आपण सहज धरून चालतो. श्रीमंत पाश्चात्त्य देशांपुरतं ते बरंचसं खरं आहे. चीनमध्ये मात्र मोजणी केली तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश सोडियम घरच्या स्वयंपाकातल्या मिठातून येत असल्याचं दिसलं. उत्तरेकडे थंडी कडक, म्हणून कोबी आणि इतर भाज्या मिठात मुरवून ठेवायची जुनी रीत आहे. कारखान्यांवर नियम लादून तिथलं काम भागणार नव्हतं. स्वयंपाकात मीठ घालणाऱ्या बाईपर्यंतच पोहोचायला हवं होतं.

तशी एक चाचणी उत्तर चीनमधल्या पाच प्रांतांतल्या ६०० गावांत झाली. २०,९९५ माणसं, बहुतेक साठीच्या आसपासची किंवा पुढची. कुणाला आधी पक्षाघात झालेला, कुणाचा रक्तदाब चढलेला. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ सुरू राहिलं. उरलेल्या गावांत फुकट वाटलं ते ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण. माणशी रोज सुमारे २० ग्रॅम, म्हणजे भाजीला आणि खारवणालाही पुरावं इतकं. मीठ कमी म्हणजे जेवण अळणी, ही भीती इथे आड आली नाही, कारण खारटपणा फारसा बदललाच नाही. जवळजवळ पाच वर्षं या माणसांवर लक्ष ठेवल्यावर २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. एवढ्या स्वस्त उपायाने इतके जीव वाचल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात थोडीच आहेत, आणि तरी या निकालाची चर्चा आपल्याकडे अजिनोमोटोच्या पासंगालाही पुरत नाही याचं वाईट वाटतं.

  

असं कमी सोडियमचं मीठ आता आपल्या दुकानांतही मिळतं. प्रौढांनी घरात साध्या मिठाऐवजी ते वापरावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली. त्यातून गर्भवती, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण वगळले आहेत. तेव्हा घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा शरीरातलं पोटॅशियम वाढवणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ डब्यात भरू नका.